ट्रॅक्टरने बर्फ काढताना: माझा अनुभव

बर्फ लोटायचं काम ट्रॅक्टर करतो, पण तो टाकायचा कुठे हे आपल्यालाच आधी ठरवावं लागतं. जमीन गोठायच्या आत मी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसाच्या छातीएवढ्या उंच खुंट्या ठोकून घेतो, वळणावर जरा जवळजवळ. मोरी, पाण्याचा कॉक, कुंपणाचा कोपरा इथली खुंटी वेगळ्या रंगाची. जमीन एकदा गोठली की खुंटी आत शिरत नाही, आणि अर्धा मीटर बर्फाखाली मोरीचं तोंड कुणालाच सापडत नाही.

पहिल्या बर्फाच्या वेळी रस्ता हवा त्यापेक्षा दोन्ही बाजूंना मीटरभर जास्त साफ करतो. कडेला लोटलेला बर्फ रात्रीत दगडासारखा घट्ट होतो. पुढच्या खेपेचा बर्फ त्याच्या पलीकडे जात नाही, अलीकडेच पडतो, आणि रस्ता दर खेपेला आक्रसत जातो. ढीगही वारा जिकडे जातो त्या बाजूला हवा. वारा येतो त्या बाजूला ठेवला, तर त्याच्या आडोशाला उडता बर्फ साचतो आणि साफ केलेला रस्ता पुन्हा भरतो.

खडीच्या रस्त्यावर घाई नको. खालची जमीन गोठेपर्यंत बर्फ लोटणाऱ्या पाट्याखालचे स्किड शू, म्हणजे त्याला टेकू देणारे पाय, 2 ते 3 सेंटीमीटर खाली घेऊन पाटा तेवढा वर ठेवावा. नाहीतर सगळी खडी बाजूच्या गवतात जाते, आणि उन्हाळ्यात ती वेचून काढणं फार जिवावर येतं. एक लोखंडी पाइप लांबीने चिरून पाट्याच्या धारेवर चढवला, तर धार खडीत रुतत नाही, वरून घसरत जाते. मागचा पाटा उलटा फिरवूनही बऱ्यापैकी तेच साधतं.

लोडरच्या (ट्रॅक्टरपुढच्या उचलणाऱ्या हातांच्या) बकेटमधल्या वजनाचा अंदाज डोळ्यांनी चुकतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचा घनमीटर जेमतेम 100 किलो भरतो, तर वाऱ्याने दाबलेला 300 ते 400 किलो; ओला त्याहून जड. एवढं वजन पुढे आलं की मागची चाकं हलकी होतात आणि पकड जाते. म्हणून थ्री पॉइंटला, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या जोडणीला, वजन अडकवल्याशिवाय मी लोडर चालवत नाही. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर न्यायची नाही, उतारावर तर नाहीच. मागच्या चाकांना साखळ्या घातल्या की फरक लगेच कळतो. त्या थोडं अंतर चालवून पुन्हा ताणाव्या लागतात, कारण सुरुवातीला त्या सैल पडतातच.

बर्फ फार साचला की ढकलण्यात अर्थ नसतो, तिथे ब्लोअर, म्हणजे बर्फ आत ओढून लांब फेकणारं यंत्र. पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर पूर्ण ठेवायचा आणि बर्फ किती घ्यायचा ते गाडीच्या वेगाने ठरवायचं. सगळ्यात कमी गिअर लावा. इंजिनचा आवाज बसायला लागला की क्लच दाबून पुढे जाणं थांबवा, पण पीटीओ फिरता राहू द्या. हे फक्त डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तरच जमतं. फेऱ्या पडल्या की बर्फ लांब फेकला जात नाही आणि च्यूट (बर्फ बाहेर फेकणारी नळी) तुंबते, ओल्या बर्फात तर हमखास. तुंबली की पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मगच काठीने मोकळी करायची. हात कधीच नाही. अडकलेल्या ऑगरमध्ये, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या स्क्रूमध्ये, ताण उरलेला असतो आणि तो सुटताना झटका देतो. दगड लागला की शिअर बोल्ट तुटतो, आणि तो तुटायलाच केलेला असतो. त्याजागी हाताला लागला तो कडक बोल्ट घातला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. नेमक्या ग्रेडचे चार-पाच बोल्ट, पाना आणि पिन काढायचा सुंभा टूलबॉक्समध्ये असतातच.

थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर भरतो. इंजिन सुरू होतं, दोन मिनिटांत बंद पडतं, आणि लोक बॅटरी तपासत बसतात. थंडी येण्याआधीच हिवाळी डिझेल भरा; मेण धरल्यावर ॲडिटिव्ह टाकून उपयोग नाही. काम संपलं की ब्लोअर दोन-तीन मिनिटं रिकामा फिरवतो, आतला बर्फ झाडतो, टाकी काठोकाठ भरतो म्हणजे आत पाणी सुटत नाही, आणि इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर लावून ठेवतो.