घराण्यातच शुगर आहे, मग पथ्य कशाला?

आरोग्य संशोधनातली आकडेवारी हे माझं काम. हे कळलं की लग्नात, सोसायटीच्या पूजेत, अगदी एसटीत शेजारी बसलेल्यांकडूनही एक प्रश्न हमखास येतो: "आमच्या घराण्यातच शुगर आहे. वडिलांना, आत्याला, आता दादालाही निघाली. मग मी भात सोडून आणि रोज चालून काय होणार?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

फरक पडतो. किती पडतो, ते मात्र एकट्या तुमच्या घराकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. घरात जनुकं पुढे जातात तशा खाण्यापिण्याच्या सवयीही जातात. वडिलांकडून काय आलं आणि लहानपणापासूनच्या गोड चहातून काय आलं, हे एका कुटुंबात वेगळं काढता येत नाही. त्यातून शुगर निघाल्यावर माणसाला आपलं मागचं खाणं विचारलं, तर उत्तरात पश्चात्ताप मिसळलेला असतो. म्हणून माणसं लाखांनी लागतात, आणि ती आजारी पडायच्या आधी गाठावी लागतात. बायोबँक, म्हणजे लाखो लोकांचे नमुने आणि माहिती वर्षानुवर्षं जपणारा साठा, उभा करतात तो यासाठी.

ब्रिटनमधली यूके बायोबँक घ्या. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी तिथे रक्त आणि लघवीचे नमुने दिले. वजन, रक्तदाब, मुठीची ताकद मोजून घेतली. झोप, जेवण, दारू, सिगारेट, नोकरी, सगळं सांगितलं, आणि पुढे होणाऱ्या आजारांच्या नोंदी बघायलाही संमती दिली. नंतर त्यांतल्या लाखभर लोकांनी आठवडाभर मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. राहत्या पत्त्यावरून हवेतल्या प्रदूषणाचा अंदाज बांधला गेला. २०२३ पर्यंत जवळपास सगळ्यांचे जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, पूर्ण वाचून झाले.

नमुना ठेवायचा म्हणजे काय करतात, तेही सांगते. रक्ताची नळी यंत्रात जोरात फिरवली की थर सुटे होतात. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला तांबड्या पेशी, आणि मधे पांढुरका, अगदी पातळ थर. त्यात पांढऱ्या पेशी असतात, डीएनए मिळतो तो त्यांच्यातून. हे थर छोट्या नळ्यांत वाटून, नावाऐवजी बारकोड लावून, उणे ८० अंशांत ठेवतात. पंधरा वर्षांनी एखादी नवी तपासणी निघाली, तर आज आजारी असलेल्या माणसाच्या तेव्हाच्या, धडधाकट असतानाच्या रक्तावर ती करता येते. या सगळ्या खटाटोपात मला सर्वात मोलाचं वाटतं ते हे.

यातून काय हाती लागतं? यूके बायोबँकेतल्या साठीपुढच्या सुमारे १ लाख ९६ हजार लोकांच्या नोंदींवरून स्मृतिभ्रंशाचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जनुकांमुळे धोका जास्त असलेल्यांत ज्यांची राहणी बिघडलेली होती, त्यांच्यातल्या १.७८ टक्के लोकांना साधारण आठ वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. धोका तेवढाच, पण सिगारेट नाही, व्यायाम आहे, आहार बरा, दारू बेताची, अशांत हे प्रमाण १.१३ टक्के होतं. शिस्तीत राहणाऱ्यांकडे शिक्षण आणि पैसाही बहुधा जास्त असतो, त्याचा हिशेब आकडेमोडीत धरावा लागतो, आणि तो धरूनही शंकेला थोडी जागा उरतेच. तरीही "रक्तातच आहे, आता काय करणार" असं म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे आवर्जून सांगते.

मला खटकतं ते पुढचं. त्या अभ्यासातले सगळे लोक युरोपीय वंशाचे होते. यूके बायोबँकेच्या ५ लाखांत दक्षिण आशियाई लोक दहा हजारही नाहीत. शिवाय सुमारे ९२ लाख लोकांना बोलावलं, आले ५.५ टक्के, आणि आलेले सर्वसाधारण जनतेपेक्षा तब्येतीने बरे. तिथला हिशेब जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही.

आपलं शरीर वेगळं कसं, हे पुण्यात दिसलं. मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसकट छापून आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या बायकांची, त्यांना दिवस जाण्याच्याही आधीपासून नोंद ठेवली. पुढे त्यांची मुलंही अभ्यासात आली. जन्मतः ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे शुगरकडे नेणाऱ्या बिघाडाचं, प्रमाण सर्वात जास्त आढळलं. म्हणजे तुम्ही ज्याला घराणं म्हणता, त्यात आईच्या पोटातले नऊ महिनेही येतात. ते जनुकांत लिहिलेले नसतात, आणि त्यांत सुधारणा करता येते. या गावांतल्या आयांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

देशपातळीवरही काम सुरू झालं आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पण जनुकांची यादी पुरेशी नाही. त्याच माणसांचं खाणं, काम, हवा, पाणी यांची नोंद वर्षानुवर्षं ठेवली, तरच तुमच्या प्रश्नाचं आपल्या मातीतलं उत्तर मिळेल.

तेव्हा कुणी अशा अभ्यासासाठी रक्त मागायला आलं, तर संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. नमुना कुठे राहणार, किती वर्षं, कोण वापरणार, आणि उद्या मी नको म्हटलं तर काय कराल, हे विचारा. उत्तरं नीट मिळाली तर जरूर द्या. त्याचा रिपोर्ट बहुधा तुमच्या हातात पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि तुमच्यापुरतं म्हणाल तर चालणं सोडू नका, इतरांपेक्षा लवकर शुगर तपासा, आणि घरातली मुलगी किंवा सून आई होण्याच्या विचारात असेल तर तिच्या बी-१२ बद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा.