आजींना कुणी विचारलंच नव्हतं

लहान मुलांच्या वर्तनावर काम करते मी, बारा वर्षं झाली. तरी एका साडेतीन वर्षांच्या मुलाची केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. तक्रार नेहमीचीच, मोबाईल काढून घेतला की लोळण, किंचाळणं, हाताला लागेल ते फेकणं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे स्टार चिकटवणं. खरं काम त्याच्या आधीचं, नुसतं लिहून काढायचं. रडण्याआधी काय झालं, किती वेळ रडला, आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि पालक नेमके तिथेच 'शांत झाला' एवढंच लिहितात. अहो, पण कशाने? आठवडाभराची वही नीट भरून घेतली तर १९ वेळा रडला होता आणि ५ वेळा मोबाईल मिळाला होता. आई म्हणाली, "म्हणजे आम्ही बहुतेक वेळा ठामच राहिलोय की!" खरी गोम तिथेच होती. दरवेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की वागणं लवकर सुटतं, पण कधी मिळतं कधी नाही अशातून लागलेली सवय फार चिवट असते. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

मग ठरवलं, रडण्यावर मोबाईल अजिबात नाही. टायमर वाजल्यावर त्याने स्वतः टोपलीत ठेवला तर त्याच सेकंदाला कौतुक, तेही नुसतं 'शहाणं बाळ' नाही तर "टायमर वाजला आणि तू स्वतः ठेवलास!", आणि लगेच दहा मिनिटं त्याच्या आवडीचा खेळ. रडायला लागला तर दुर्लक्ष करा म्हटलं, आणि रडणं कमी व्हायच्या आधी एकदा जोरात उसळेल हेही बजावलं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. २६ मिनिटं रडला. टाचा जमिनीवर आपटत होता, आवाज बसला होता, बाबा घड्याळाकडे बघत भिंतीला टेकून उभे, आणि आतल्या खोलीतून आजी आल्या, स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. एकदम शांत. बाबा त्यांच्यावर चिडले. आजी म्हणाल्या, "तुम्हाला चालतं रे, मला नाही ऐकवत."

फोन दिला की किंचाळणं थांबतं, म्हणजे आजींच्या देण्यालाही बक्षीस मिळत होतं. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे वागणं पक्कं होणं, याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात, आणि आमच्याच क्षेत्रातले कितीतरी जण अजून त्याचा अर्थ शिक्षा असा घेतात. विल्यम्स नावाच्या संशोधकाने १९५९ मध्ये मांडलेली केस तर मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते, २१ महिन्यांचं मूल, झोपताना रडणं पूर्ण थांबलेलं, मग मावशी की आत्या कुणीतरी एकदा रडण्याला दाद दिली आणि सगळं परत सुरू. इतकं पाठ असून मी या घरात आजींशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर दोनच ओळी असतात, आई आणि बाबा. मूल दिवसभर कुणाजवळ असतं हे कुणी विचारतच नाही, आणि हे बदलायला पाहिजे.

त्या दिवशी मग आजींजवळ बसले. त्या म्हणाल्या, "मी नुसती बघत राहिले तर त्याला वाटेल ना, आजीला काही पडलेली नाही." तिथे मी अडकले. कारण वहीत स्पष्ट दिसत होतं की त्याला मोबाईल हवाय, लक्ष नाही. माणसं जवळ असतानाही तो तितकाच रडायचा. म्हणजे फोन दिला नाही की पुरे होतं, त्याच्याजवळ बसायला, पाठीवर हात ठेवायला काहीच हरकत नव्हती. दुर्लक्ष करा हे मी सवयीने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आजी जवळ बसायला लागल्या, हात पाठीवर, फोन दुसऱ्या खोलीत. तीन आठवड्यांनी आठवड्यात दोनदाच रडला. टोपलीत मोबाईल ठेवला की तो आधी आजींकडे बघतो. वहीत त्यांनी स्वतः पट्टीने चौथा रकाना आखलाय, 'तेव्हा जवळ कोण होतं'. मी मागची पानं उलटली की पाचव्या दिवशी थांबते. २६ मिनिटं, आणि त्या चौकोनात काहीच लिहिलेलं नाही.