खरं म्हणजे पण

बुधवार, ज्येष्ठ अमावास्या

सकाळपासून पाऊस. शेजारच्या अक्कांनी मातीचे बैल केले. इथे बेळगावच्या वडगावात कन्नड घरांतून आज मण्णेत्तिन अमावास्या असते. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा मला हा शब्द म्हणताच यायचा नाही. मनू (चार पूर्ण व्हायला अजून दोन महिने आहेत) अक्कांच्या कट्ट्यावर बसून बैलाला शिंगं चिकटवत होती. अक्कांशी बोलताना 'एत्तु', आणि मी दारात दिसल्याबरोबर 'आई, हा माझा बैल'. कुणाशी काय बोलायचं हे तिला कुणीच शिकवलेलं नाही. शब्द तिने माणसांच्या नावावर लावून ठेवलेत, किराणावाला खाती ठेवतो तसे.

दोन वर्षांपूर्वी मी याच गोष्टीने रडकुंडीला आले होते. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला मुलाला पन्नासेक शब्द यावेत आणि 'दूध दे' असे दोन शब्द जोडता यावेत, असं वाचलं होतं. म्हणून वही केली. मराठी शब्द मोजले, एकतीस भरले. एका नातेवाईक बाईंनी लगेच निदान केलं, 'दोन भाषांचा गोंधळ झालाय पोरीचा, अक्कांकडे पाठवणं बंद कर.' मी आठवडाभर खरंच पाठवलं नाही. मनू खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची आणि अक्कांकडच्या मागाचा खटक-खटक आवाज तोंडाने काढायची. त्या आठवड्यात एकही नवा शब्द आला नाही, हेही वहीत आहे.

मग बालरोगतज्ज्ञांनी वही बघितली आणि विचारलं, कानडी शब्द कुठे लिहिलेत? ते मी धरलेच नव्हते. बा, हालु, बेकु, बेड, साकु, गुब्बि, बेक्कु... घरी येऊन मोजले तर दोन्ही मिळून छप्पन्न. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलत नाही. मोजायचं तर दोन्हींतलं मिळून मोजायचं, एवढंच. त्या बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

शुक्रवार

खडेबाजारातून आणलेला मुळाक्षरांचा तक्ता आज भिंतीवरून काढला. सहा महिने लटकत होता. 'अ अननसाचा' म्हणून म्हणून मीच कंटाळले. आमच्या घरात अननस वर्षातून एकदा येतो, तोही सत्यनारायणाच्या प्रसादाला. शिवाय ण आणि ळ यांनी मराठीत शब्दच सुरू होत नाहीत, म्हणून तक्त्यात 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा'. पोरीने विचारलं, 'बाळात ळ कुठाय?' प्रश्न बरोबर होता.

सध्या आम्ही अक्षरं दाखवतच नाही, नुसते आवाज खेळतो. पोळ्या लाटताना. मी म्हणते ळ, तिने शब्द शोधायचा. पोळी, मुळा, केळं, शाळा. ही ळ कानडीतही आहे, त्यामुळे तिला दोन्ही दारांतून मिळते. मोबाइलवरच्या हिंदी कार्टूनमध्ये ती नाही, आणि ते कार्टून फार झालं की मनूची 'शाळा' 'शाला' होते. दोन दिवस मोबाइल कपाटात ठेवला की परत शाळा.

आज च घेतला. मी म्हटलं चार, चिमणी, चाक. ती थांबली. 'चाक नाही.' का गं? 'चाक वेगळं आहे.' मी चाक आणि चार दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. दोन्हींचा च वेगळा आहेच की! चाक, चोर, चूल एकीकडे. चार, चिंच, चेंडू दुसरीकडे. लिहायला अक्षर एकच, म्हणून आपल्याला लहानपणापासून ते एकच वाटतं. तिला अजून लिहिता येत नाही म्हणून ऐकू आलं. तक्ता काढला तो यानंतर.

अंगणवाडीत कानडी आहे. तिथे अवयवांची नावं चाललीत, कै, कालु, बायि, मूगु (म्हणजे नाक). काल घरी येऊन विचारलं, 'माझा मूगु कुठाय?' सासूबाईंनी भिजवलेल्या मुगाची वाटी पुढे केली. मनू हसून हसून लोळली आणि एक मूग घेऊन नाकाला लावला. बरं झालं नुसताच लावला.

रविवार, रात्री

आता जे लिहायचं टाळत होते ते.

कानडीची मला भीती वाटत नाही. मला खुपतं ते सासूबाईंचं मराठी. इकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. 'येतो म्हणाला खरं आला नाही.' मनू तेच बोलते, 'मला दूध पायजे खरं साखर नको.' मी प्रत्येक वेळी टोकत आले, 'खरं नाही, पण म्हण.' गेल्या आठवड्यात तिने डोळे मोठे करून विचारलं, 'खरं नाही? खोटं?'

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, 'कशाला टोकालीस तिला? बोलू दे की.' त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिवसाचे आठ तास मनू त्यांच्याजवळ असते. हे उद्यमबागेत फाउंड्रीत, मी दुकानात. भाजी निवडताना प्रत्येक काडीचं नाव त्या सांगतात, चिऊकाऊची गोष्ट एकाच दिवसात तीनदा सांगतात आणि मधेच गप्प बसतात, पुढचं वाक्य तिने म्हणावं म्हणून. हे गप्प बसणं मला जमत नाही. मी उत्तर आधीच देऊन टाकते. ज्या बाईच्या तोंडून पोर भाषा शिकली, तिचं वाक्य मी रोज तिच्यासमोर चूक ठरवत होते. शाळेत गेल्यावर 'पण' येईलच, पुस्तकात सगळीकडे तोच असतो.

संध्याकाळी बैल बघितला. खिडकीत ठेवला होता, पावसाची झड लागून एक कान विरघळून गेलाय. मनूने त्याला तळहातावर घेतलं, राहिलेल्या खळग्यात तोंड घालून काहीतरी पुटपुटली आणि मला म्हणाली, 'कान न्हाई त्याला, खरं ऐकतोय.'

वहीत तसंच लिहून ठेवलं.