तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक वॉकरसाठी लोक अजून का हळहळतात?

मी पुण्याची आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबला सपोर्ट करते म्हटलं की पहिला प्रश्न क्लबच्या मालकांचा, म्हणजे पुण्याच्या चिकनवाल्या व्यंकीजचा येतो, ते ठरलेलंच आहे. पण जे जरा फुटबॉल बघतात ते पुढे जाऊन विचारतात, की तुमचा तो जुना मालक जॅक वॉकर तरी काय वेगळा होता, त्यानंही पैसे ओतले आणि ट्रॉफी विकत घेतली, मग तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याचं नाव निघालं की तुम्ही सगळे एवढे हळवे का होता? हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

तर हो, विकत घेतली. यात लपवण्यासारखं काहीच नाही. जानेवारी १९९१ मध्ये वॉकरनं क्लब ताब्यात घेतला तेव्हा रोव्हर्स सेकंड डिव्हिजनमध्ये धडपडत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं केनी डॅलग्लिशला आणलं, म्हणजे लिव्हरपूलला टायटल जिंकून देणारा मॅनेजर खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबमध्ये, लोकांचा विश्वासच बसेना. १९९२ मध्ये वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनलला, म्हणजे वर जायची शेवटची जागा ठरवणाऱ्या मॅचला, लेस्टरला १-० हरवून प्रीमियर लीगमध्ये आले, मग ३३ लाख पौंडांच्या वर मोजून ॲलन शिअरर, पुढे टिम फ्लॉवर्स, मग ५० लाखांना ख्रिस सटन, प्रत्येक वेळी रेकॉर्ड मोडत. आणि १९९५ मध्ये इंग्लंडचे चॅम्पियन, १९१४ नंतर पहिल्यांदा, म्हणजे ८१ वर्षांनी.

आता तो पैसा आला कुठून ते बघा. वॉकर ब्लॅकबर्नचाच, १९२९ चा जन्म, लहानपणीच शाळा सोडून वडिलांच्या पत्र्याच्या कामाच्या धंद्यात लागला, आणि भाऊ फ्रेडबरोबर त्यानं तो धंदा एवढा वाढवला की वॉकरस्टील कंपनी शेवटी ब्रिटिश स्टीलला ३० कोटी पौंडांच्या वर विकली गेली. ब्लॅकबर्न म्हणजे केवढं, तर आपल्या साताऱ्याएवढं गाव. एकेकाळी तिथल्या मिल्समध्ये आपल्याकडे विकायला धोतराचं कापड विणलं जायचं, ते मार्केट गेलं तसं गावाचं कंबरडं मोडलं. गांधीजी १९३१ मध्ये शेजारच्या डार्वेनला जाऊन मिल कामगारांना भेटले होते ना, तो हाच भाग. अशा गावात जन्मलेला माणूस मोठा झाला आणि सगळा पैसा लंडनला किंवा एखाद्या मोठ्या क्लबला न नेता आपल्या गावात घेऊन आला, हे तिथल्या लोकांना काय वाटलं असेल याचा अंदाज नुसत्या ट्रान्सफर फीवरून येत नाही.

आणि मालक होण्याच्या आधीपासून तो मदत करत होता. ईवूड पार्क या क्लबच्या ग्राउंडचा रिव्हरसाइड स्टँड १९८० च्या दशकात उभा राहिला त्यात वॉकरस्टीलचं स्टील आहे, त्याला आधी नावच वॉकरस्टील स्टँड होतं. बाकीचे तीन स्टँड त्यानं नंतर नव्यानं बांधून घेतले. आम्ही प्रेस्टनला राहत होतो तेव्हा मी मॅचला जायचे आणि माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा असायचे, ते हाफ टाइमला थर्मासमधला चहा ओतून देता देता बोटानं एकेक स्टँड दाखवायचे, हा त्याचा, तो त्याचा, आणि समोरचा रिव्हरसाइड दाखवून म्हणायचे की तोसुद्धा खरं तर त्याचाच. सगळे त्याला अंकल जॅक म्हणतात. मालकाला अंकल म्हणणारे फॅन मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत.

१४ मे १९९५ चा व्हिडिओ एकदा बघाच. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर सीझनची शेवटची मॅच, शिअररचा गोल झालाय, मग जॉन बार्न्सनं बरोबरी केली, आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपची फ्री किक आत गेली. संपलं असं वाटतं, आणि तेवढ्यात बेंचवर कोणीतरी कोणालातरी मिठी मारतं, कारण तिकडे वेस्ट हॅमकडे मँचेस्टर युनायटेड १-१ वरच अडकलंय. मॅच हरून एका पॉइंटनं चॅम्पियन, ८९ आणि ८८. नंतर वॉकर ट्रॉफी धरून उभा आहे, पासष्टीचा माणूस, चेहरा बघितला तर कळतं की हा गुंतवणुकीचा हिशेब करत नाहीये.

पण आमच्यात त्याच्यावरून भांडणं होत नाहीत असं अजिबात नाही. ते आजोबाच सगळ्यात जास्त भांडायचे. त्यांचं म्हणणं असं की १९९५ च्या उन्हाळ्यात टीम आणखी भक्कम करायची सोडून हात आखडला, डॅलग्लिश मॅनेजरच्या खुर्चीतून उठून डायरेक्टर ऑफ फुटबॉल झाला, रे हार्फर्डच्या गळ्यात सगळं पडलं, आणि चॅम्पियन्स लीगमध्ये रोव्हर्स ग्रुपमध्ये तळाला गेले, मॉस्कोला तर बॅटी आणि ल सो हे आपलेच दोन खेळाडू आपापसात मैदानात भिडले. पुढच्या वर्षी शिअरर १.५ कोटींना न्यूकॅसलला गेला, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आणि १९९९ मध्ये, टायटलनंतर चारच वर्षांत, रेलिगेशन, म्हणजे परत खालच्या डिव्हिजनमध्ये! तरुण पोरं वेगळा मुद्दा काढतात, की तो टॅक्स वाचवायला जर्सी बेटावर राहायचा आणि तिथून मॅचला यायचा, मग त्याला एवढं गावचा गावचा काय करायचं. हा मुद्दा मला खोडून काढता येत नाही आणि काढायचाही नाही. गावावर जीव आणि जर्सीतलं घर, दोन्ही त्याचंच होतं.

१७ ऑगस्ट २००० ला तो कॅन्सरनं गेला, ७१ वर्षांचा होता, टीम तेव्हाही खालच्याच डिव्हिजनमध्ये. लोक ईवूडवर आले आणि स्कार्फ, फुलं ठेवून गेले. त्याच सीझनला मॅनेजर ग्रॅहम सूनेसच्या टीमनं प्रमोशन मिळवलं आणि ते त्याच्या नावानं साजरं झालं, २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कपही आला. ते बघायला तो नव्हता याची चुटपुट जुन्या लोकांना अजून आहे. ग्राउंडबाहेर त्याचा पुतळा आहे, मी गेले तेव्हाही त्याच्या पायाशी कोणीतरी निळा-पांढरा स्कार्फ बांधून गेलं होतं.

मला विचाराल तर त्याची खरी चूक टीम कमी पडली ही नाहीच. त्यानं सगळा क्लब एका पाकिटावर उभा केला आणि आपल्यानंतर ते पाकीट कोणाच्या हातात जाईल याची सोय सपोर्टर्सच्या बाजूनं केली नाही. शेअर त्याच्या ट्रस्टकडे गेले, ट्रस्टनं काही वर्षं पैसे दिले, मग गिऱ्हाईक शोधायला लागले, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब २.३ कोटी पौंडांना आपल्या पुण्याच्या व्यंकीजकडे आला. गावातल्या एकाही फॅनला कोणी विचारलं नाही. थोडेसे जरी शेअर, निदान विक्रीला नाही म्हणायचा अधिकार त्यानं लोकांच्या हातात ठेवला असता तर, असं मला फार वाटतं.

पुढचं तुम्हाला माहितीच असेल. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलरडाइसला काढलं, २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या मॅचला कोणीतरी मैदानात कोंबडी सोडली आणि त्याच संध्याकाळी रोव्हर्स खाली गेले, २०१७ मध्ये तर आणखी खाली, तिसऱ्या पायरीच्या लीग वनमध्ये. मी पुण्याची म्हणून कोणाची बाजू घेणार नाही, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे की या मालकांनीसुद्धा क्लबमध्ये कोट्यवधी पौंड घातलेत, वर्षानुवर्षं तोटा भरलाय, आणि नंतर ईडीच्या प्रकरणामुळे पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यायची वेळ आली. म्हणजे पैसे दोघांनीही घातले. फरक हा की वॉकर मॅचला यायचा, हरल्यावर तो पण तुमच्यासारखाच पडलेल्या चेहऱ्यानं पार्किंगकडे जायचा, आणि चिडलात तर कोणावर चिडायचं ते तुम्हाला दिसायचं. माझ्या फॅन मित्रमैत्रिणींचा सगळा राग मालकाच्या या रिकाम्या खुर्चीवर आहे, पुण्यावर नाही, हे मला त्यांच्यात बसून कळलं. मी कुठली ते कळल्यावरही आजोबांनी चहा द्यायचा थांबवला नाही.

आणि ट्रॉफी विकत घेतली म्हणणाऱ्यांना मी हमखास ब्रॉकहॉल दाखवते. गावाबाहेरची ट्रेनिंग ग्राउंड आणि अकॅडमी, ही पण वॉकरच्या पैशातून झालेली. तिथून डेमियन डफ आला, डेव्हिड डन आला, फिल जोन्स आला. ॲडम व्हार्टन ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून याच अकॅडमीत वाढलेला, २०२४ च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसनं त्याला सुमारे १.८ कोटी पौंडांना नेला आणि त्याच वर्षी तो इंग्लंडकडून खेळलासुद्धा. भारतातून पैसे यायची पंचाईत झालेली असताना क्लबला ज्या रकमेचा आधार मिळाला ती ही. वॉकर जाऊन तेव्हा २३ वर्षं उलटली होती.