तुम्ही विचारलंत म्हणून: मॅझराटी, ‘किस’ आणि गायब झालेला बेस

फंक या ठेकेदार अमेरिकन संगीतप्रकाराच्या गप्पांत गायक-गीतकार प्रिन्सचं नाव निघालं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला: ‘किस’ हे गाणं त्यानं मॅझराटी नावाच्या बँडकडून हिसकावून घेतलं, हे खरं का? दुसरा थोडा जाणत्यांचा: त्यात बेस (खर्जातली गिटार) नाही म्हणता, मग खाली घुमतंय ते काय? या दोन्हींचं उत्तर एकाच रात्रीच्या कामात सापडतं, म्हणून एकत्रच देतो.

मॅझराटी मिनिआपोलिसचा बँड. प्रिन्सच्या ‘द रेव्होल्यूशन’मधला बेसवादक मार्क ब्राउन, म्हणजेच ब्राउनमार्क, यानं तो बांधला आणि प्रिन्सनं त्याला आपल्या पेस्ली पार्क लेबलवर जागा दिली. १९८६ सालच्या पहिल्या अल्बमची निर्मिती ब्राउनमार्क आणि निर्माता डेव्हिड झी या दोघांची. त्यातलं ‘१०० एमपीएच’ प्रिन्सनंच लिहिलेलं. प्रिन्सच्या छत्रछायेत वाढलेल्या बँडांपैकी ‘द टाइम’ सगळ्यांना माहीत असतो, मॅझराटी शोधून ऐकावा लागतो.

१९८५ मध्ये हॉलिवूडच्या सनसेट साउंड स्टुडिओत या अल्बमचं काम सुरू असताना बँडला आणखी एक गाणं हवं होतं. प्रिन्सनं कॅसेट दिली. त्यावर जेमतेम मिनिटभर अकूस्टिक गिटार आणि आवाज, एवढंच. म्हणजे गाणं लिहिलं प्रिन्सनं, यात वाद नाही. पण त्या कॅसेटवर ठेका नव्हता. तो त्या रात्री डेव्हिड झीनं घडवला, आणि खरी गंमत तिथेच आहे.

त्यानं लिन ९००० या ड्रम मशीनवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि हायहॅट (झांजांची जोडी) यांचे आवाज बसवले. (हे यंत्र मध्येच अडून बसण्यासाठी बदनाम होतं, बनवणारी कंपनी १९८६ मध्ये बंदही पडली.) मग हायहॅट एका डिले युनिटमधून, म्हणजे आवाज उशिरानं परत देणाऱ्या यंत्रातून, साधारण १५० मिलिसेकंद उशिरानं टेपवर घेतला आणि कधी मूळ ठोका, कधी त्याचा पडसाद, असं हातानं बदलत गेला. हिशेब करून पाहा. गाण्याची लय मिनिटाला सुमारे ११२ मात्रांची. मात्रेचे चार भाग केले की एक भाग १३४ मिलिसेकंदांचा. म्हणजे पडसाद पुढच्या ठोक्याच्या किंचित मागे पडतो. लय ढळत नाही, पण जरा रेंगाळते.

यापुढची पायरी अफलातून. त्यानं गिटारचे मोकळे कॉर्ड छेडले आणि ते केपेक्स नावाच्या गेटमधून नेले. गेट म्हणजे आवाजाचं दार. हे दार कधी उघडायचं ते गिटार ठरवत नव्हती, हायहॅट ठरवत होता. हायहॅट वाजला की दार उघडायचं, थांबला की बंद. कॉर्ड सलग वाजतोय, ऐकणाऱ्याला मात्र त्याचे तुकडे ऐकू येतात, तेही मशीनच्या शिस्तीत. कुठल्याही गिटारवादकाच्या मनगटाला इतकं काटेकोर तुटक वाजवणं अवघड आहे.

घरच्या सॉफ्टवेअरवर हे सहज जमतं. गिटारच्या ट्रॅकवर गेट लावा आणि त्याच्या साइडचेनला (दार कधी उघडायचं ते सांगणारा बाहेरचा आवाज जिथे देतात तिथे) हायहॅट जोडा. अटॅक, म्हणजे दार उघडायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंदाच्या आसपास ठेवा. शून्यावर नेलात तर दर ठोक्याला ‘टिक्’ ऐकू येईल. होल्ड (दार उघडं राहण्याचा वेळ) ३०–४० आणि रिलीज (ते मिटायचा वेळ) ६०–८० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. बहुतेकांचं घोडं अडतं ते दोन ठिकाणी. एक, हायहॅटवर रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमणारी गुंज) लावलेला असतो. त्याची शेपटी दार उघडंच धरते आणि तुकडे पडतच नाहीत. साइडचेनला कोरडाच हायहॅट द्या. दोन, कॉर्ड विरत जातो आणि बारच्या (चार मात्रांच्या आवर्तनाच्या) शेवटी दार उघडलं तरी आत काहीच नसतं. गेटच्या आधी कंप्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं साधन) लावा आणि दर बारला कॉर्ड नव्यानं छेडा. हायहॅटचे ठोके मात्र कमीजास्त जोराचे ठेवू नका, हलके ठोके थ्रेशोल्डखाली, म्हणजे दार उघडायला लागणाऱ्या पातळीखाली, राहून गळतात.

बँडनं त्यावर बेस वाजवला, बँडचा गायक टेरी केसीनं खालच्या पट्टीत मुख्य आवाज दिला, आणि मागचा कोरस अमेरिकन गायिका ब्रेंडा लीच्या एका जुन्या गाण्याच्या धर्तीवर बसवला. प्रिन्सनं हे ऐकलं आणि गाणं परत घेतलं. एक सप्तक वर चढून स्वतः गायला, इलेक्ट्रिक गिटार भरली आणि बेस काढून टाकला. शेवटी टेपवर नऊच ट्रॅक उरले. बेसच्या जागी किकचाच आवाज एएमएस कंपनीच्या रिव्हर्ब यंत्रातल्या उलट्या रिव्हर्बमधून काढला. साधा रिव्हर्ब विरत जातो, हा फुगतो आणि एकदम तुटतो. खाली घुमतंय ते हेच. डग्ग्यावर थाप देऊन मनगटानं दाबल्यासारखं.

रेकॉर्ड कंपनीला हे प्रकरण अर्धवट वाटलं होतं. एप्रिल १९८६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर बँगल्सचं ‘मॅनिक मंडे’ होतं, तेही प्रिन्सनंच लिहिलेलं.

मग हिसकावलं का? गाणं त्याचंच होतं, त्यामुळे तो शब्द मला जड वाटतो. पण श्रेयाच्या बाबतीत कंजूषपणा झाला, हे नक्की. डेव्हिड झीला निर्माता नव्हे, फक्त अरेंजर (वाद्यरचना करणारा) म्हटलं गेलं. मॅझराटीचे आवाज मात्र पुसले गेले नाहीत: हेडफोन लावा आणि प्रिन्सचा उंच आवाज सोडून त्याच्या मागचा कोरस धरा, तो त्यांचाच आहे.

आणि तुमचा बँड हे गाणं वाजवणार असेल तर बेसवादकाला त्या चार मिनिटांसाठी टँबरीन द्या. बेस आला की किकचा तो फुगवटा बुजतो, आणि मग गेटमधली गिटार कितीही नीट जुळवली तरी गाणं कोसळतं ते कोसळतंच.