केन कॉम्बो बसवायला मला दीड वर्ष का लागलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. केन कॉम्बो ही एका व्हिडिओ गेममधली, एकामागोमाग एक वार लावायची चाल. खेळणारी मुलं विचारतात, "ताई, केन कॉम्बो कसा बसवलास?" न खेळणारे, म्हणजे आमच्या घरातले जवळजवळ सगळे, विचारतात, "दोन-तीन बटणं दाबायला दीड वर्ष कसं लागलं गं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बोटं तीन महिन्यांत तयार झाली होती. उरलेलं सव्वा वर्ष मी चुकीच्या माणसाकडे बघत होते.

आधी खेळाविषयी थोडं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर 2001 मध्ये आलेला खेळ. बाकीच्या फायटिंग गेममध्ये मार खाल्ला की लाइफची पट्टी कमी होत जाते, तशी पट्टी इथे नाही. इथे मार खाल्ला की टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितका पुढचा फटका तुम्हाला लांब उडवतो. स्टेज सोडून पडद्याबाहेर गेलात की एक जीव गेला. स्पर्धेत प्रत्येकाला चार जीव आणि एका सामन्याला आठ मिनिटं.

मी मार्थ खेळते. तो मूळचा 1990 साली सुरू झालेल्या 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेतला राजपुत्र. मेलीच्या अमेरिकन आवृत्तीतसुद्धा तो जपानीच बोलतो, आणि मला ते फार आवडतं. त्याच्या तलवारीचं नाव फाल्शियन. तिचा सगळा जोर टोकाला आहे. पुढचा स्मॅश, म्हणजे समोर घातलेला जोरदार वार, टोकाने लागला तर एका फटक्यात 20 टक्के, आणि पुष्कळदा जीवही तिथेच जातो. तोच वार एक पाऊल जवळून घाला, समोरचा जरासा सरकतो आणि उलट तुम्हालाच बडवतो. याच खेळात रॉय आहे, त्याचे वार दिसायला मार्थसारखेच, पण जोर मुठीपाशी. म्हणून रॉय खेळणारा अंगावर येतो, तर मार्थ खेळणाऱ्याला नेमकं एका तलवारीचं अंतर सांभाळत नाचावं लागतं. टोकाने लागलेल्या वाराला सगळे टिपर म्हणतात.

केन कॉम्बो म्हणजे केन होआंगचा कॉम्बो. हा कॅलिफोर्नियाचा खेळाडू. मेलीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या मार्थपुढे फार थोडे टिकत. कॉम्बो सांगायला सोपा आहे. हवेत पुढे वार, म्हणजे फेअर. तो लागला की समोरचा तिरपा वर उडतो. त्याच्या मागे जायचं, जमलं तर आणखी एक फेअर, मग दुसरी उडी घ्यायची आणि त्याच्या डोक्यावर पोचून खाली वार करायचा, म्हणजे डेअर. हे सगळं स्टेजच्या कडेला घडलं तर डेअर लागलेला माणूस सरळ खाली जातो, परत येत नाही. चुकलात तर तुम्ही जाता. दुसरी उडी वापरून झालेली असते, आणि मार्थचा शेवटचा आधार म्हणजे डॉल्फिन स्लॅश. तो उंच नेतो, पण आडवा फारसा नेत नाही.

आता बोटांचं. 2016 साली मी एमएससाठी मिशिगनला गेले. वसतिगृहाच्या तळघरात दर शुक्रवारी सात-आठ जण जमायचे. खोलीत जुने, पोट सुटलेले, काचेचे टीव्ही होते. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं आणि या खेळात तेवढा उशीर चालत नाही, म्हणून ती धुडं दोघादोघांनी जिन्यावरून उतरवायची. खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो. उडीचं बटण दाबल्यावर मार्थ चार फ्रेम गुडघे वाकवतो आणि मग उडतो. त्या चार फ्रेमच्या आत अंगठा उचलला तर उडी छोटी, नाहीतर मोठी. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. हा मार्थ सगळा छोट्या उडीवर उभा आहे. मोठी उडी गेली की तुम्ही वर लटकत राहता आणि खालचा निवांत वाट बघतो.

पहिले दोन आठवडे मी बटण 'लवकर सोडायचा' प्रयत्न करत होते. जमत नव्हतं. मग तळघरातल्या एका मुलाने माझा अंगठा बघितला आणि सांगितलं, दाबू नकोस, पुसून काढ. म्हणजे अंगठ्याचं टोक बटणाच्या कडेवरून घसरवायचं, बोटाला चटका बसल्यावर आपण ते मागे घेतो तसं. त्या रात्री शंभरातल्या ऐंशी उड्या छोट्या झाल्या. दुसरी गोष्ट एल-कॅन्सल. हवेतला वार करून जमिनीवर टेकायच्या आधी सात फ्रेमच्या आत कंट्रोलरच्या खांद्यावरचं बटण दाबलं तर सावरायला अर्धाच वेळ लागतो. फेअरनंतर 15 फ्रेमऐवजी 7. यात एक खोच आहे आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. वार लागला की दोघंही काही फ्रेम गोठतात, त्यामुळे जमीन उशिरा येते. वार हुकला तर लवकर येते. म्हणजे एकाच बटणाच्या दोन वेळा आहेत, आणि कोणती वापरायची हे वार लागल्याशिवाय कळत नाही. हे मी डोळ्यांनी शिकले नाही, कानांनी शिकले. पातं लागल्याचा आवाज आला की बोट आपोआप थांबायला लागलं.

एवढं तीन महिन्यांत झालं. उभ्या कॉम्प्युटर-खेळाडूवर मी केन कॉम्बो दहापैकी नऊ वेळा लावत होते. तळघरात माणसांवर एकदाही लागेना.

माझी आई गाणं शिकवते. घरी तिच्या मुली पाठ केलेली तान सफाईने घेतात आणि तबला लागला की तीच तान कोलमडते. आई त्यांना म्हणते, "तान बसली नाही गं, पाठ झाली." ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. स्वतःच्या बाबतीत लक्षात यायला खूप वेळ लागला.

कारण समोरचा माणूस मार खातानाही खेळत असतो. फटका बसून गोठलेला असताना त्याने कंट्रोलरची दांडी कुठे दाबून धरली आहे, त्यावर तो कोणत्या दिशेने उडणार हे 18 अंशांपर्यंत बदलतं. याला डीआय म्हणतात. ऐकायला अंतर छोटं वाटतं. पण मार्थच्या फेअरनंतर त्याने दांडी बाहेर, म्हणजे तुमच्यापासून लांब, दाबली तर तो आडवा, लांब जातो. आत, म्हणजे तुमच्याकडे, दाबली तर उंच, जवळजवळ तुमच्या डोक्यावर येतो. पहिल्याच्या मागे दुसरी उडी घेऊन जायचं आणि डेअर मारायचा. दुसऱ्यासाठी डेअर निरुपयोगी आहे, त्याला खालून वरचा वार हवा. शिवाय टक्के कमी असतील तर तो पुरेसा उडतच नाही, जास्त असतील तर हाती लागत नाही. म्हणजे केन कॉम्बो नावाची एक ठरलेली गोष्ट मुळात नाहीच. पहिला फेअर हा प्रश्न आहे, आणि उत्तर समोरचा देतो. मी उत्तर न ऐकताच पुढचं वाक्य बोलत होते.

हे कळलं त्या रात्री मी फॉक्स हे पात्र खेळणाऱ्या एकाशी खेळत होते. दोघांचा शेवटचा जीव. कडेला फेअर लागला, टिपर, अगदी हवा तसा. मी उडी घेतली, दुसरी घेतली, डेअर घातला. तिथे कुणीच नव्हतं. तो माझ्या वर होता. मी रिकाम्या हवेत तलवार फिरवून खाली गेले. नंतर तो सामना पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं, तो प्रत्येक वेळी आत दाबत होता. चार जीवांत सहा फेअर, सहाही वेळा आत. पडद्यावर सगळं दिसत होतं. मी मात्र माझ्या मार्थकडे बघत होते: त्याची उडी नीट झाली का, तलवार वेळेवर निघाली का. आपल्या माणसावरून नजर काढायला मला भीती वाटायची. बोटांवर विश्वास नसला की असंच होतं, आणि म्हणूनच बोटांचे ते तीन महिने वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही. छोटी उडी न बघता जमत असेल तरच नजर मोकळी होते.

मग मी जे केलं ते तुम्हीही करा, अगदी तसंच. पंधरा दिवस डेअर बंद. त्याच्या वाटेलाच जायचं नाही. फेअर मारायचा, आणि तलवार लागून दोघं गोठतात त्या क्षणी नजर मार्थवरून उचलून समोरच्यावर ठेवायची. तो कुठे निघाला ते मोठ्याने बोलायचं. आत. बाहेर. आत. आत. बोलणं महत्त्वाचं आहे, कारण मनातल्या मनात आपण स्वतःला फसवतो. नंतर बघून 'मला माहीतच होतं' म्हणतो. पहिल्या दिवशी माझा शब्द तो पडद्याच्या टोकाला पोचल्यावर निघत होता. आठवड्याभरात तो निम्म्या वाटेवर असताना निघायला लागला. आता तुमच्याकडे स्लिपी हे मेलीसाठीचं सॉफ्टवेअर आहे, 2020 पासून घरबसल्या चांगलं ऑनलाइन खेळता येतं आणि प्रत्येक सामना आपोआप साठवला जातो. तो उघडा आणि तुमचे फक्त फेअर मोजा. समोरच्याची सवय दहा मिनिटांत सापडते. बहुतेकांची एकच असते आणि घाबरले की ते तिच्याकडेच परततात.

मी 'आत', 'बाहेर' मराठीतच ओरडायचे, दुसरं तोंडात यायचंच नाही. तळघरातल्या मुलांना अर्थ कळायला फार दिवस लागले नाहीत. अंगठा पुसून काढायला शिकवणारा तो मुलगा तर माझा फेअर लागला की माझ्या आधी ओरडायचा.

2018 च्या फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, त्याच्याशीच खेळत होते. तो खेळत असलेलं पात्र, फाल्को, कडेला होता. माझा फेअर लागला आणि दोघं गोठले. मी त्याच्याकडे बघितलं, पडद्यावरच्या त्याच्याकडे. दोनदा त्याने आत दाबलं होतं आणि दोन्ही वेळा मी वरचा वार घातला होता, त्यामुळे या खेपेला त्याने बदल केला. दुसरी उडी मी घेतली ते मला आठवत नाही. तलवार खाली फिरली तेव्हा फाल्को बरोबर तिच्याखाली होता. तो सरळ खाली निघाला, आणि पडद्यातून दिसेनासा व्हायच्या आधी शेजारच्या खुर्चीतून त्याचाच आवाज आला, "बाहेर!"