लूवेन : दोनदा जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या ग्रंथालयाच्या गावी

ब्रसेल्सला जाणारी आपली बहुतेक मंडळी ग्रँड प्लास, अॅटोमियम आणि चॉकलेटची दुकानं उरकतात आणि अॅमस्टरडॅमची गाडी पकडतात. त्यातला एक पूर्ण दिवस काढून लूवेनला जा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. इथलं कॅथलिक विद्यापीठ १४२५ सालचं आहे. बेल्जियम हा देश १८३० मध्ये जन्माला आला, म्हणजे विद्यापीठ देशापेक्षा चारशे वर्षांनी मोठं. ते एकदा बंद पडलं, दोनदा त्याचं ग्रंथालय जळालं आणि शेवटी भाषेच्या वादात त्याचे दोन तुकडे झाले. हा सगळा इतिहास इथे पायी फिरत बघता येतो.

जायचं कसं, ते सोपं आहे. ब्रसेल्स सेंट्रलहून थेट गाड्या आहेत, जेमतेम अर्धा तास लागतो. विमानतळावरून तर त्याहूनही कमी. तिकीट काढताना एवढंच बघा की फ्रेंचमध्ये या गावाला 'लूव्हँ' म्हणतात आणि 'लूव्हँ-ला-नव्ह' नावाचं दुसरंच स्टेशन देशाच्या फ्रेंचभाषक भागात आहे. नाव अर्धवट वाचून तिकीट काढलंत तर भलतीकडे पोचाल. (त्या दुसऱ्या गावाकडे आपण शेवटी वळणारच आहोत.)

स्टेशनबाहेर आलात की बस शोधू नका. समोरचा चौक हुतात्म्यांचा आहे, आणि तिथून सरळ जाणारा बोंडखेनोटेनलान हा रस्ता पंधरा मिनिटांत तुम्हाला मुख्य चौकात नेतो. चालताना दुकानांकडे कमी आणि वरच्या मजल्यांकडे जास्त बघा. घरांच्या दर्शनी भिंतींत मधूनच एक छोटा दगड बसवलेला दिसतो, त्यावर मशाल, तलवार आणि '१९१४' असं कोरलेलं. हे घर त्या वर्षीच्या आगीत गेलं आणि नंतर नव्याने बांधलं, याची ती खूण. जर्मन सैन्य १९ ऑगस्ट १९१४ रोजी गावात शिरलं. २५ तारखेच्या संध्याकाळी कुठेतरी गोळीबार झाला, नागरिकांनीच गोळ्या झाडल्या असं ठरवून सैन्याने घरं पेटवायला सुरुवात केली. २४८ नागरिक मारले गेले. एक दगड दिसला की मग डोळा सरावतो आणि रस्ताभर ते दिसतच राहतात. माझ्या भाचीने, जी इथे शिकते, मला पहिला दगड दाखवला. ती रोज याच रस्त्याने ये-जा करते आणि तरी ते दाखवताना तिचा आवाज बदलला होता.

मुख्य चौकातलं नगरभवन त्या आगीतून वाचलं. दगडाची इतकी बारीक कोरीव जाळी आणि २३६ पुतळे असलेली ही पंधराव्या शतकातली इमारत सगळेच बघतात, तुम्हीही बघाल. पण समोरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आवर्जून जा. आत जायला पैसे नाहीत, पंधराव्या शतकातला इथला चित्रकार दिर्क बाउट्स याचं येशूच्या शिष्यांसोबतचं 'शेवटचं भोजन' हे चित्र असलेल्या भागाला मात्र तिकीट आहे. ते काढा. १४६४ ते १४६८ या काळात काढलेल्या या चित्राचा करार करताना अट घातली होती की, चित्रातला आशय विद्यापीठाच्या धर्मशास्त्राच्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने ठरेल. म्हणजे विद्यापीठ स्थापन होऊन चाळीस वर्षं होतात न होतात, तोच गावातल्या चित्रकारालाही त्याचा शब्द मानावा लागत होता. या चित्राच्या बाजूच्या फळ्या पुढे जर्मनीतल्या संग्रहालयांत पोचल्या होत्या. व्हर्सायच्या तहात २४७ वं कलम खास याचसाठी आहे : जर्मनीने या फळ्या परत कराव्यात आणि लूवेनच्या जळालेल्या ग्रंथालयाची पुस्तकं भरून द्यावीत. महायुद्ध संपवणाऱ्या तहात एका विद्यापीठाच्या पुस्तकांसाठी वेगळं कलम असावं, हे मला फार मोठं वाटतं.

ही पुस्तकं जिथे जळाली ती जागा चौकापासून पाचएक मिनिटांवर, नामसेस्ट्राटवर आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत, आज तिथे कुलगुरूंचं कार्यालय आहे. ही मुळात चौदाव्या शतकातली कापडबाजाराची इमारत. लूवेनची भरभराट लोकरी कापडावर झाली होती. तो धंदा बसला, तेव्हा गावाला नव्या आधाराची गरज होती. म्हणून ब्राबांटचा ड्यूक जॉन चौथा आणि नगरातल्या कारभाऱ्यांनी पोपकडे विद्यापीठ मागितलं आणि पोप मार्टिन पाचवे यांनी ९ डिसेंबर १४२५ रोजी तशी सनद दिली. गंमत म्हणजे सुरुवातीला धर्मशास्त्र शिकवायची परवानगीच नव्हती, ती १४३२ मध्ये मिळाली. त्याच सुमारास रिकाम्या होत चाललेल्या कापडबाजारात वर्ग भरू लागले. नंतर वरच्या मजल्यावर ग्रंथालय आलं. १९१४ च्या त्या रात्री सुमारे तीन लाख पुस्तकं आणि हजाराच्या आसपास हस्तलिखितं इथे राख झाली. आतल्या दालनात खालच्या मजल्यावरचे जुने दगडी खांब आणि कमानी अजून आहेत. कार्यालयीन वेळेत दार उघडं असलं तर नम्रपणे विचारून डोकावता येतं.

इथून दोन-तीन गल्ल्यांत सोळावं शतक विखुरलेलं आहे. विद्यापीठाचा खरा बहराचा काळ तो. होखस्कूलप्लाइन या शांत चौकात 'पोपचं कॉलेज' आहे. उट्रेख्टचे एड्रियन इथे प्राध्यापक होते, सम्राट पाचव्या चार्ल्सचे शिक्षक झाले आणि १५२२ मध्ये पोप. आपलं घर त्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी ठेवलं, त्याचंच हे वसतिगृह. एरास्मस हा नामवंत विद्वानही काही वर्षं लूवेनमध्ये राहिला. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांसाठी १५१७ मध्ये एक स्वतंत्र कॉलेज उभं करण्यामागे तोच होता. धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांना ते आवडलं नाही, कारण बायबल मुळातून वाचता आलं की प्रश्नही मुळातून विचारले जातात. आपली कितीतरी मुलं ज्या 'एरास्मस' शिष्यवृत्तीवर युरोपात शिकायला जातात, तिचं नाव याच माणसाचं.

आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा वेसालियस इथेच शिकत होता. शरीररचना समजून घ्यायची म्हणून १५३६ मध्ये त्याने गावाबाहेरच्या फाशीच्या जागेवरून एक सांगाडा लपूनछपून आणला. सोबत होता गणितज्ञ गेम्मा फ्रिसियस, ज्याच्यासोबत नकाशे बनवणारा मर्केटर पृथ्वीचे गोल बनवत होता. त्याच मर्केटरला १५४४ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून अनेक महिने तुरुंगात काढावे लागले. श्रद्धा आणि शोध दोन्ही एकाच गल्लीत राहत होते, आणि त्यांचं नेहमी पटत होतं असं नाही.

फ्रेंच राजवटीने १७९७ मध्ये विद्यापीठ बंदच करून टाकलं. आजचं कॅथलिक विद्यापीठ १८३४ मध्ये मेखेलन गावी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी लूवेनला आलं. त्यामुळे २०२५ मध्ये जी सहाशे वर्षं साजरी झाली, त्यात मध्ये बरीच पोकळी आहे. मला स्वतःला ही गणती मान्य आहे. गाव तेच, इमारती त्याच आणि शिकवण्याची ओढही तीच होती.

आता दिवसाचा मुख्य भाग. लाडुझप्लाइनवरचं ग्रंथालय. याला किमान दोन तास द्या. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून वर्गणी गोळा करून हे उभारलं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर यांनी त्यासाठी खूप खटपट केली, शेजारच्या चौकाला त्यांचं नाव आहे. व्हिटनी वॉरन या अमेरिकन वास्तुविशारदाने जुन्या फ्लेमिश धाटणीत ते बांधलं आणि ४ जुलै १९२८ रोजी ते खुलं झालं. आत घुसायची घाई करू नका. आधी खालच्या भिंती अगदी जवळून बघा. दगडादगडावर अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांची नावं कोरलेली आहेत. प्रसिद्ध विद्यापीठं आहेत, तशाच कुठल्या तरी गावातल्या साध्या शाळाही. तिथल्या पोरांनी खाऊचे पैसे जमवून न पाहिलेल्या देशातल्या पुस्तकांसाठी पाठवले असतील, असं मनात येऊन मी बराच वेळ नावं वाचत राहिले.

वॉरनला इमारतीच्या कठड्यावर लॅटिनमध्ये कोरायचं होतं : जर्मन क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकन दानाने पुन्हा उभं. तेव्हाचे कुलगुरू लाडुझ यांनी नकार दिला. विद्यापीठाच्या दारावर कायमचा द्वेष कोरायचा नाही, ही त्यांची भूमिका. प्रकरण कोर्टात गेलं, कुणी कठड्याची मोडतोडही केली, पण ती ओळ शेवटपर्यंत लागली नाही. चौकाला आज लाडुझ यांचंच नाव आहे आणि ते योग्यच आहे.

आणि एवढं करून मे १९४० मध्ये, पुन्हा जर्मन हल्ल्यात, हे ग्रंथालय दुसऱ्यांदा जळालं. या वेळी सुमारे नऊ लाख ग्रंथ गेले. इमारत वॉरनच्याच आराखड्यांप्रमाणे परत बांधली. मनोऱ्याचं तिकीट काढून सुमारे तीनशे पायऱ्या चढा. मधल्या मजल्यांवर जळालेल्या दालनांची छायाचित्रं लावली आहेत, त्यामुळे थांबत थांबत चढणं होतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालचं वाचनदालनच बघा, ओकच्या लाकडाचं ते लांबलचक दालन पुरेसं आहे. मात्र तिथे मुलं खरोखर अभ्यास करत असतात. जानेवारी आणि जून हे परीक्षांचे महिने, तेव्हा पाहुण्यांना आत सोडण्यावर बंधनं येतात, तेवढे टाळा.

चौकात शुक्रवारी सकाळी बाजार भरतो, फळं आणि चीज चांगलं मिळतं. पण शुक्रवारी दुपारनंतर गाव रिकामं व्हायला लागतं. इथली मुलं शनिवार-रविवारी घरी जातात, चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यावर खडखडत स्टेशनकडे निघतात. विद्यापीठ जागं बघायचं असेल तर मंगळवार ते गुरुवार या दिवसांत जा. पायात चांगले बूट हवेत, रस्ते गोट्यांचे आहेत. सायकलींच्या पट्टीवर चुकूनही उभे राहू नका. शाकाहारी असाल तर तळलेले बटाटे घेताना ते कशात तळलेत ते विचारा, बऱ्याच ठिकाणी पारंपरिक पद्धतीने गोवंशाची चरबी वापरतात. विद्यार्थ्यांच्या 'अल्मा' या उपाहारगृहांत बाहेरच्यांनाही स्वस्तात जेवता येतं आणि तिथे शाकाहारी पदार्थ असतात.

दुपारी डिले नदीकाठच्या खरोट बेगाइनहोफमध्ये जा. विटांच्या जुन्या घरांची ही वस्ती तेराव्या शतकात एकत्र राहणाऱ्या धर्मपरायण स्त्रियांनी वसवली. १९६० च्या दशकात ती पडायला आली होती, तेव्हा विद्यापीठाने विकत घेऊन दुरुस्त केली. आज विद्यार्थी आणि पाहुणे प्राध्यापक तिथे राहतात. फिरायला तिकीट नाही, खिडक्यांतून डोकावणं मात्र टाळा.

वेळ असेल तर हेवरलेच्या आरेनबर्ग किल्ल्यापर्यंत जाता येतं. अभियांत्रिकीचा परिसर तिकडे आहे आणि तिथे मराठी कानावर पडण्याची बरीच शक्यता आहे. इंग्रजी-हिंदी कोशाचे कर्ते फादर कामिल बुल्के याच विद्यापीठात अभियांत्रिकी शिकले. विद्यार्थी असताना ते फ्रेंचच्या वर्चस्वाविरुद्ध फ्लेमिश भाषेच्या (म्हणजे इथल्या डचच्या) बाजूने उभे होते आणि भारतात आल्यावर तीच तळमळ त्यांनी हिंदीला दिली. विश्वाचा आरंभ एका आदि-अणूतून झाला असं मांडणारे जॉर्ज लमेत्र हेसुद्धा इथलेच प्राध्यापक, आणि दीक्षा घेतलेले धर्मगुरू.

ज्या भाषेच्या प्रश्नाने बुल्केंना घडवलं, त्यानेच १९६८ मध्ये विद्यापीठ फोडलं. फ्लेमिश भूमीवरचं विद्यापीठ डच भाषेचंच हवं, या मागणीवर सरकार पडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्या भावना समजायला वेळ लागत नाही. पण दोनदा राखेतून जमवलेली पुस्तकं शेवटी क्रमांकाच्या सम-विषमावरून वाटली गेली, हे ऐकून मला वाईट वाटलं.

फ्रेंच भाग जिथे गेला ते लूव्हँ-ला-नव्ह बघायचं असेल तर वेगळा अर्धा दिवस ठेवा. १९७१ मध्ये शेतात पहिला दगड ठेवून वसवलेलं हे विद्यापीठाचं गाव. मोटारी आणि रेल्वे जमिनीखाली, वर सगळं पायी चालणाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस दोन्ही विद्यापीठांत आले होते. इथल्या मुलांनी त्यांना स्त्रियांच्या स्थानाबद्दल थेट प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं पटली नाहीत, असं विद्यापीठाने त्याच दिवशी जाहीर केलं. ब्रसेल्सहून जाताना बहुधा ओतिन्यी स्टेशनवर गाडी बदलावी लागते. परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी बघून ठेवा, आणि 'टिनटिन'चे चित्रकार एर्जे यांचं इथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून तो वार सोडून जा.